एबिऑन नावाचा माणूस

एबिऑनची माहिती मिळवणं अवघड नाही. जॉर्डन नदीच्या पूर्वेला बाशानच्या मुलखात कोकाबे नावाचं गाव होतं, तिथून त्याने आपल्या मताचा प्रसार सुरू केला. पुढे तो आशिया प्रांतात फिरला, रोमलाही पोचला. येशू हा कुमारिकेच्या पोटी जन्मलेला देवपुत्र नव्हे, तो जोसेफचाच मुलगा, असं तो शिकवायचा. इफिस शहरातल्या सार्वजनिक स्नानगृहात तो असल्याचं कळताच येशूचा शिष्य योहान अंघोळ न करताच तिथून बाहेर पडला, का, तर अशा माणसाच्या पापाने छप्पर डोक्यावर कोसळायचं! बायबलचा भाषांतरकार जेरोम याने एबिऑनला सेरिंथस नावाच्या आणखी जुन्या पाखंड्याचा वारस ठरवलं. पुढे सातव्या शतकाच्या सुमारास, ख्रिस्ताची इच्छाशक्ती एक की दोन हा वाद पेटला तेव्हा, एबिऑनच्या नावावरचे लेखनाचे तुकडेही कुणीतरी पुढे केले.

गाव, प्रवास, गुरू, ग्रंथ, शत्रू. माणसाच्या चरित्राला आणखी काय लागतं? अडचण एवढीच की हा माणूस बहुधा कधी जन्मालाच आला नाही.

एबिओनी नावाचे लोक मात्र होते. इ.स. 180च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराचा बिशप इरेनिअस याने पाखंडमतांचं खंडन करणारा पाच भागांचा ग्रंथ ग्रीकमध्ये लिहिला. त्यात एबिओनींचा परिच्छेद आहे. हे लोक फक्त मत्तयचं शुभवर्तमान वापरतात, प्रेषित पौलाला नियमशास्त्र सोडून गेलेला म्हणून नाकारतात, सुंता करतात, यरुशलेमला देवाचं घर मानून मान देतात, असं तो सांगतो. थोडक्यात, येशूला मसीहा मानणारे आणि तरीही यहुदी आचार न सोडलेले लोक. त्यांच्या संस्थापकाचं नाव इरेनिअस देत नाही. ऑरिजेन हा तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा मोठा विद्वान, हिब्रू जाणणाऱ्यांच्या सहवासात वावरलेला. त्याने सरळच लिहून ठेवलं आहे की हिब्रूत गरिबाला ‘एबिऑन’ म्हणतात आणि या लोकांचं नाव त्यावरून पडलं. (गरिबीच्या मुद्द्यावरून त्याने त्यांच्या बुद्धीच्या गरिबीला चिमटाही काढला आहे. तो काळच तसा होता.) यरुशलेमच्या मंडळीतल्या गरिबांसाठी पौलाने वर्गणी गोळा केली होती, हे त्याच्या पत्रांत आहेच. देवासमोर आपण दीन आहोत अशी ओळख अभिमानाने मिरवणारे लोक आणि त्यांचं ते नाव, यात गूढ काही नाही.

पण इरेनिअसनंतर जेमतेम वीस वर्षांनी, आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात लॅटिनमध्ये लिहिणारा टर्टुलियन ‘एबिऑन’ हे एका माणसाचं नाव समजून चालतो. हिप्पोलिटसच्या नावावरचा ग्रंथही तेच करतो. सायप्रसमधल्या सॅलॅमिसचा बिशप एपिफॅनिअस चौथ्या शतकात या माणसाला गाव देतो, प्रवास घडवतो. स्नानगृहाची गोष्टही त्याने एबिऑनकडे वळवली आहे. इरेनिअसने तीच गोष्ट दोनशे वर्षं आधी सांगितली, तेव्हा स्नानगृहात सेरिंथस होता!

खोटं बोलायचं असं ठरवून यातल्या कुणी लेखणी उचलली असेल, असं मला वाटत नाही. त्यांची समजूतच तशी होती. ग्रीक जगात प्लेटोचे ते प्लेटोवादी, पायथागोरसचे ते पायथागोरसवादी, एपिक्युरसचे ते एपिक्युरसवादी. शाळेला गुरूचं नाव. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये शिकवणाऱ्या जस्टिनने ही सोय पाखंड्यांना लावली. तत्त्वज्ञांच्या शाळांना जसं मूळ पुरुषाचं नाव पडतं, तसे हे मार्सियनवाले, व्हॅलेंटिनसवाले, बॅसिलिडीसवाले, असं त्याने लिहिलं. एकदा हा नियम बसला की उलटा हिशेब आपोआप होतो: एबिओनी आहेत ना, मग त्यांचा कुणी एबिऑन असलाच पाहिजे.

या हिशेबामागे गरजही होती. इरेनिअसला सिद्ध करायचं होतं की खरी शिकवण प्रेषितांपासून बिशपांच्या अखंड साखळीने आपल्यापर्यंत आली. त्यासाठी त्याने रोमच्या बिशपांची लायनसपासून एल्युथेरसपर्यंतची यादी दिली. खऱ्या धर्माला गुरुपरंपरा, तर खोट्यालाही तशीच हवी. ती उलट्या दिशेने जाणारी: अमक्या पाखंड्याचा गुरू तमका, त्याचा गुरू आणखी कुणी, आणि सगळ्यांचा मूळपुरुष शोमरोनचा शिमोन जादूगार. विखुरलेली मतं, एकमेकांना न ओळखणारे गट, वेगवेगळ्या गावांतल्या मंडळ्या या सगळ्यांना एका वंशवृक्षावर बसवलं की त्यांचं खंडन सोपं होतं. मुळावर घाव घातला की झालं. माझ्या मते ‘पाखंडी खरोखर होते का’ या प्रश्नाची मेख इथे आहे. माणसं होती, मतं होती. बनावट आहे ती वंशावळ. आणि वंशावळीतली एखादी जागा रिकामी राहिली की तिथे माणूसही बनवला गेला.

एपिफॅनिअसच्या हाती हे काम कुठवर गेलं ते पाहण्यासारखं आहे. 374 ते 377च्या दरम्यान त्याने ‘पॅनारिऑन’ लिहिला. पॅनारिऑन म्हणजे औषधांची पेटी, साप चावलेल्यांसाठी. प्रत्येक पाखंड हा एक साप आणि खंडन हे त्यावरचं औषध. अशी किती पाखंडं? बरोबर ऐंशी. हा आकडा मोजून आलेला नाही. बायबलमधल्या ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यात राजाच्या साठ राण्या, ऐंशी उपपत्नी आणि एकच निष्कलंक कपोती असा उल्लेख येतो. कपोती म्हणजे खरी मंडळी आणि उपपत्नी म्हणजे पाखंडं, असा एपिफॅनिअसचा अर्थ. तेव्हा ऐंशी भरायलाच हवीत. ती भरण्यासाठी त्याने ख्रिस्ताच्या आधीची वीस घेतली. त्यात रानटी अवस्था आहे, ग्रीक धर्म आहे, यहुदी धर्म आहे, स्टोइक आणि प्लेटोवादीही आहेत. ख्रिस्त जन्मण्याआधीच ख्रिस्ती पाखंडी! उरलेली साठ ख्रिस्तानंतरची. योहानाचं शुभवर्तमान न मानणाऱ्यांना नाव नव्हतं, तर त्याने स्वतःच ‘अलोगोई’ असं नाव पाडलं आणि आपण ते पाडत असल्याचं लिहूनही ठेवलं. प्रामाणिकपणाबद्दल त्याला गुण द्यायला हवेत. पण त्यानंतर कित्येक शतकं ‘अलोगोई’ नावाचा एक संघटित पंथ होता असं लोक मानत राहिले.

तरुणपणी इजिप्तमध्ये असताना एका गुप्त पंथातल्या बायकांनी आपल्याला जाळ्यात ओढायचा प्रयत्न केला, असंही त्याने सांगितलं आहे. त्याने बिशपांकडे जाऊन नावं सांगितली आणि शहरातून लोकांना हाकलण्यात आलं. किती लोकांना? सुमारे ऐंशी.

त्याच काळात उत्तर इटलीतल्या ब्रेशियाचा बिशप फिलास्ट्रिअस याने आपली यादी केली. ती 156वर गेली. भूकंप देवाच्या आज्ञेने होतात असं न म्हणता निसर्गाच्या कारणांनी होतात असं म्हणणं, हेही त्यात पाखंड म्हणून नोंदलेलं आहे. ग्रहताऱ्यांना मूर्तिपूजकांच्या देवांची नावं देणं हेही. पाचव्या शतकात आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याला एका धर्मबंधूने सगळ्या पाखंडांची यादी मागितली, तेव्हा तो अडखळला. एकाच्या यादीत ऐंशी आणि दुसऱ्याच्या यादीत त्याच्या जवळपास दुप्पट कशी? एपिफॅनिअस काही कमी शिकलेला नव्हता. मग ऑगस्टिनने जे अनुमान काढलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं: पाखंड कशाला म्हणायचं यावरच दोघांचं एकमत नसावं. एवढं म्हणून 428च्या सुमारास त्यानेही यादी केलीच. त्याची 88 भरली.

अशा याद्या एकमेकींवरून उतरवल्या जात होत्या, आणि उतरवताना माणसं जन्माला येत होती. कोलॉर्बासस हे त्याचं नामी उदाहरण. इरेनिअसने मार्कस नावाच्या एका गुरूबद्दल लिहिताना एका अवघड वाक्यात ‘कोलॉर्बाससचं मौन’ असा शब्दप्रयोग केला आहे. ‘मौन’ ही त्या पंथाच्या देवमालिकेतली एक शक्ती. एवढ्या एका उल्लेखावरून नंतरच्या लेखकांनी कोलॉर्बासस नावाचा पंथगुरू उभा केला. एपिफॅनिअसने तर कोलॉर्बाससवाल्यांना वेगळं प्रकरण दिलं, पस्तिसावं, आणि इरेनिअसने भलत्याच, नाव नसलेल्या लोकांबद्दल लिहिलेला मजकूर उचलून त्यात भरला. हे नाव हिब्रूतल्या ‘सगळे चार’ या शब्दांचा अपभ्रंश असावं, आणि तो त्या मालिकेतल्या पहिल्या चार शक्तींचा निर्देश असावा, असं जर्मन अभ्यासकांनी सुचवलं. ते पूर्णपणे सिद्ध झालेलं नाही. पण पस्तिसावं प्रकरण पोकळ आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

आता त्या वंशवृक्षाच्या मुळाकडे जाऊ. शिमोन जादूगार ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात येतो. शोमरोनच्या लोकांना जादूने थक्क करणारा, पवित्र आत्मा देण्याचं सामर्थ्य विकत मिळावं म्हणून पेत्राला पैसे देऊ करणारा. पेत्राने झापल्यावर तो गयावया करतो आणि गोष्ट तिथेच संपते. त्याने पंथ काढला, पाखंड पसरवलं, असा शब्दही तिथे नाही. शंभरेक वर्षांनी जस्टिन मात्र सांगतो की शिमोन रोमला आला, लोकांनी त्याला देव मानलं, आणि टायबर नदीतल्या बेटावर त्याचा पुतळा उभारला. त्यावर लॅटिनमध्ये ‘पवित्र देव शिमोनास’ असं कोरलेलं आहे. जस्टिन रोममध्येच राहत होता, हे लिहून तो सम्राटाला पाठवत होता. पुरावा डोळ्यांसमोरचा.

1574मध्ये टायबरच्या त्या बेटावर एक कोरीव दगड सापडला. त्यावर होतं: ‘सेमोनी सॅन्को देओ फिदिओ’. सेमो सॅन्कस हा शपथा आणि करार यांचा जुना साबाइन देव, रोमन लोक त्याला शतकानुशतकं भजत होते. जस्टिनने ‘सेमोनी’ला ‘शिमोनी’ वाचलं, ‘सॅन्को’ला ‘सॅन्क्टो’ म्हणजे पवित्र समजला, आणि एका स्थानिक देवाचा पाखंडी झाला. जस्टिन स्वतः शोमरोन प्रांतातला, आजच्या नाब्लसचा. जवळजवळ सगळे शोमरोनी लोक शिमोनाची पूजा करतात असं तो म्हणतो. शंभर वर्षंही उलटली नसतील तोवर ऑरिजेनने लिहिलं की साऱ्या जगात शिमोनाचे तीस अनुयायीसुद्धा सापडायचे नाहीत, आणि तीस म्हणतानाही कदाचित मी जास्तच म्हणत असेन.

ऑरिजेनची आणखी एक नोंद माझ्या आवडीची आहे. सेल्सस नावाच्या ख्रिस्तीविरोधी तत्त्वज्ञाने ख्रिस्ती पंथांची नावं मोजून दाखवली होती: सलोमेवाले, मरियामवाले, मार्थावाले, वगैरे. ऑरिजेन म्हणतो, मी एवढा अभ्यास केला, शोध घेतला, मला तर यातले कुणी कधी भेटले नाहीत. त्या साऱ्या लेखकांत ‘मला भेटले नाहीत’ असं म्हणणारे थोडे.

इथवर आलं की मन दुसऱ्या टोकाला झेपावतं: मग सगळंच रचलेलं! ती चूक पहिलीपेक्षा मोठी. आपल्याकडे चार्वाकाचं काय झालं ते आठवावं. लोकायतांची मतं आपल्याला कळतात ती बहुतेक त्यांच्या विरोधकांनी मांडलेल्या पूर्वपक्षातून, चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून. म्हणून लोकायत नव्हतेच असं कुणी म्हणत नाही. पूर्वपक्ष कधी प्रामाणिक असतो, कधी सोयीचा; तो प्रत्येक ठिकाणी वेगळा तपासावा लागतो. ख्रिस्ती पाखंड्यांच्या बाबतीत एक मोठी सोय झाली. वाळूने आणि धुळीने काही मूळ साहित्य जपून ठेवलं.

1896मध्ये कैरोत विकत घेतलेलं एक कॉप्टिक हस्तलिखित बर्लिनला पोचलं. कार्ल श्मिट या विद्वानाने ते वाचलं आणि ओळखलं की ‘योहानाचं गुप्त पुस्तक’ म्हणून यात जे आहे, त्याचाच सारांश इरेनिअसने सतराशे वर्षांपूर्वी दिला होता. (छपाईचं नशीब असं की 1912मध्ये छापखान्यात पाण्याचा नळ फुटला, मग दोन महायुद्धं झाली, आणि पुस्तक 1955मध्ये बाहेर पडलं.) ताडून पाहिलं तर इरेनिअसने त्या भागाचा सारांश बऱ्यापैकी इमानदारीने दिला होता. 1945मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ तेरा हस्तलिखित-ग्रंथ मिळाले, पन्नासाहून अधिक लेखनकृती असलेले, आणि व्हॅलेंटिनसच्या परंपरेतले लोक काय लिहीत होते हे त्यांच्याच शब्दांत वाचता येऊ लागलं. व्हॅलेंटिनस खरा होता, त्याचे शिष्य खरे होते, त्यांचं ईश्वरशास्त्र गुंतागुंतीचं आणि सुंदर होतं.

मग इरेनिअस कुठे चुकला? मतं सांगताना कमी, आचरण आणि हेतू सांगताना जास्त. यहूदा इस्कर्योताला मोठं करणारं ‘यहूदाचं शुभवर्तमान’ आहे असं त्याने लिहिलं होतं, आणि काईनासारख्या बायबलमधल्या खलपुरुषांना मानणाऱ्यांच्या हिशेबात ते टाकलं होतं. नंतरच्या लेखकांनी या लोकांचा ‘काईनपंथ’ केला. 2006मध्ये त्या शुभवर्तमानाची कॉप्टिक प्रत प्रसिद्ध झाली. पुस्तक खरंच होतं. काईनाची भक्ती मात्र त्यात कुठे नाही. पंथगुरू कार्पोक्रेटिसच्या अनुयायांबद्दल कामाचाराच्या ज्या कहाण्या पसरल्या, त्यांच्याबद्दल खुद्द इरेनिअसनेच लिहून ठेवलं आहे की असं खरोखर घडत असेल यावर माझा विश्वास बसत नाही. नाग हम्मादीच्या ग्रंथांत देहसुखाची उधळण शोधायला गेलेला वाचक निराश होतो. तिथे बहुतेक ठिकाणी संयम, उपास आणि देहाविषयीची विरक्तीच भरलेली आहे. आणि या ग्रंथांचे कर्ते स्वतःला ‘नॉस्टिक’, म्हणजे ज्ञानी, म्हणवत नाहीत. ती पाटी बाहेरून लावलेली.

मार्सियनची गोष्ट याहून ठसठशीत आहे, म्हणून जरा थांबू या. काळ्या समुद्राच्या काठावरच्या सिनोपे गावचा हा जहाजमालक दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमला आला, तिथल्या मंडळीला त्याने दोन लाख सेस्टर्स दिले. त्याचं मत असं की यहुदी शास्त्रातला न्याय करणारा देव आणि येशूचा दयाळू पिता हे दोन वेगळे देव आहेत. त्याने लूकच्या शुभवर्तमानाची एक आखूड प्रत आणि पौलाची दहा पत्रं एवढंच पवित्र लेखन मानलं. नव्या कराराची यादी अजून ठरायची होती. तशी बंद यादी करणारा आपल्याला माहीत असलेला पहिला माणूस हाच. 144मध्ये रोमच्या मंडळीने त्याला काढून टाकलं. आणि पैसे परत केले, हेही टर्टुलियननेच नोंदवलं आहे.

मार्सियनचं स्वतःचं एकही पान उरलेलं नाही. टर्टुलियनने त्याच्याविरुद्ध पाच पुस्तकं लिहिली, त्यावरून त्याचा मजकूर जुळवावा लागतो. तरीही त्याच्या अस्तित्वाबद्दल मला तिळभर शंका नाही, आणि त्याचं कारण त्याच्या शत्रूंच्या ग्रंथांत नाही. दमास्कसच्या दक्षिणेला देर अली या गावात, जुन्या लेबाबा खेड्यात, ग्रीक शिलालेख सापडला आहे. त्यावर सेल्युसिड शकाचं 630वं वर्ष आहे, म्हणजे इ.स. 318-319. पौल नावाच्या पुरोहिताच्या देखरेखीखाली बांधलेलं हे मार्सियनवाल्यांचं सभागृह, प्रभू आणि तारणारा येशू याचं, असा मजकूर. ख्रिस्ती प्रार्थनास्थळाचा सनासह कोरलेला इतका जुना लेख दुसरा मिळणं कठीण, आणि तो पाखंड्यांचा आहे. शिवाय इथे पाटी बाहेरच्या कुणी लावलेली नाही. गावच्या लोकांनी आपल्या दारावर स्वतःच मार्सियनचं नाव कोरलं. पाचव्या शतकात सिरियातला बिशप थिओडोरेट याने अशा मार्सियनवाल्यांची आठ गावं आपल्या बाजूला वळवल्याचं सांगितलं आहे. म्हणजे मार्सियननंतर तीनशे वर्षं हे लोक गावागावांत नांदत होते.

त्याच्या चारित्र्यावरच्या कहाणीचा निकालही लावता येतो. मार्सियनने एका कुमारिकेला फसवलं म्हणून त्याच्या बिशप बापानेच त्याला मंडळीतून काढलं, अशी कहाणी एपिफॅनिअस सांगतो. टर्टुलियन या माणसाला शिव्या देण्याची एकही संधी सोडत नाही, आणि तो ही गोष्ट सांगत नाही. उलट, बाईच्या नादी लागलेल्या अपेलीस या शिष्याशी तुलना करताना तो मार्सियनच्या संयमाचा दाखला देतो. मार्सियनच्या मंडळीत तर विवाहित जोडप्यांनाही विभक्त राहिल्याशिवाय बाप्तिस्मा मिळत नसे. नंतर उगवलेली गोष्ट, आणि जवळच्या शत्रूला ठाऊक नसलेली. ती फेकून द्यावी. (टर्टुलियन पुढे माँटॅनसच्या नव्या भविष्यवाद्यांत गेला, म्हणजे तोही यादीत येण्याच्या लायकीचा झाला, ही गंमत वेगळी.)

वॉल्टर बाउअर या जर्मन विद्वानाने 1934मध्ये एक मूलगामी प्रश्न विचारला: आधी शुद्ध मत होतं आणि मग त्याला पाखंडाची कीड लागली, हा क्रम कुठून आला? त्याचं म्हणणं, कित्येक प्रदेशांत नंतर पाखंड ठरलेलं मतच आधी पोचलं होतं. इजिप्तबद्दल त्याने जरा ओढाताण केली, असं आज बहुतेकांना वाटतं. पण एडेसाचं त्याचं उदाहरण विसरता येत नाही. सिरियाच्या सीमेवरच्या त्या शहरात, आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फात, एफ्रेम हा सिरियाक कवी चौथ्या शतकात कळवळून तक्रार करतो की लोक आम्हाला ‘पालूटवाले’ म्हणतात. पालूट हा तिथला जुना बिशप. म्हणजे जे पुढे शुद्ध ठरले, त्यांना या गावात माणसाच्या नावाने ओळखायचे, पाखंड्यांसारखं.

शुद्ध कोण आणि पाखंडी कोण हे लेखणी कुणाच्या हातात आहे त्यावरही ठरायचं. 1842मध्ये अथॉस पर्वतावरच्या मठातून आलेल्या, सहसा हिप्पोलिटसच्या नावे चालणाऱ्या ग्रंथात पाखंड्यांच्या रांगेत एक नाव आहे: कॅलिस्टस. हा तिसऱ्या शतकातला रोमचा बिशप. रोमन कॅथलिक चर्च आज त्याला पोप आणि संत मानतं. त्याला पाखंडी म्हणणारा हिप्पोलिटससुद्धा संत.

स्पेनमधल्या आविलाचा बिशप प्रिसिलियन याच्यावर जादूटोण्याचा आणि छुप्या मानीपंथाचा, म्हणजे इराणी धर्मसंस्थापक मानी याचा अनुयायी असल्याचा, आरोप होता. 385च्या सुमारास ट्रिअर शहरात, सम्राट मॅग्नस मॅक्सिमसच्या आज्ञेने त्याचं डोकं उडवलं गेलं. तूरचा बिशप मार्टिन हे रक्त सांडू नका म्हणून विनवत होता. पंधराशे वर्षं प्रिसिलियन आपल्याला विरोधकांकडूनच कळत होता. 1885मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या ग्रंथालयात अकरा निबंध सापडले, त्याचे किंवा त्याच्या अगदी निकटच्या कुणाचे. त्यांत मानीला शाप दिलेला आहे.

सगळ्यात शेवटी एक नाव घेतो, कारण त्याचा धागा गोव्यापर्यंत येतो. नेस्टोरिअस 428मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य बिशप झाला. मरियमेला ‘देवाची माता’ म्हणावं की ‘ख्रिस्ताची माता’ या वादात 431च्या इफिस परिषदेत तो पायउतार झाला. ख्रिस्तात दोन व्यक्ती आहेत असं तो मानतो, हा आरोप. पुढे इराणातल्या ख्रिस्ती मंडळीला पश्चिमेकडचे लोक ‘नेस्टोरियन’ म्हणू लागले. वास्तविक त्या मंडळीची स्वतःची परिषद 410मध्येच, नेस्टोरिअस गादीवर बसण्याच्या अठरा वर्षं आधी, सेल्युशिया-टेसिफॉन इथे भरली होती. त्यांनी त्याला आपल्या आचार्यांत मान दिला हे खरं. त्याने त्यांची मंडळी काढली हे खरं नाही. एबिऑनच्या वेळी चुकलेला हिशेब इथे पुन्हा चुकला, फरक एवढाच की हा माणूस निदान होता. याच इराणी मंडळीने नेमलेला बिशप सहाव्या शतकात कल्लियाना इथे असल्याचं कॉस्मस या प्रवाशाने लिहिलं आहे, आणि ते आपलं कल्याण असावं असं सामान्यतः मानलं जातं. केरळचे सेंट थॉमस ख्रिस्तीही याच मंडळीशी जोडलेले होते.

जून 1599मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस याने कोचीजवळच्या उदयंपेरूर इथे त्या ख्रिस्ती लोकांची परिषद भरवली. त्यांच्याकडून नेस्टोरिअसचा निषेध वदवून घेतला, त्यांचे सिरियाक ग्रंथ मागवून काही दुरुस्त केले, काही जाळले. नेस्टोरिअसने वनवासात लिहिलेलं आत्मसमर्थन, ज्यात तो दोन व्यक्तींचा आरोप साफ नाकारतो, सिरियाक भाषांतराच्या रूपात उरलं होतं. ते छापून जगासमोर आलं 1910मध्ये, त्या परिषदेनंतर 311 वर्षांनी.